नुक्वा व्हॅली हायस्कूल, नेपरव्हिल: एका आईचा अनुभव

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत घर शोधणाऱ्या मराठी मंडळींचे फोन मार्च-एप्रिलपासून सुरू होतात. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आत पत्ता पक्का करायचा असतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "नुक्वा खरंच चांगली आहे का हो?" माझी लेक तिथूनच चार वर्षं शिकून बाहेर पडली, त्यामुळे उत्तर सविस्तर लिहून ठेवते. थोडक्यात सांगायचं तर हो, चांगली आहे. पण ज्या अभ्यासासाठी आपली बहुतेक माणसं तिथे घर घेतात, तो तिचं सर्वांत मोठं बलस्थान नाही. या शाळेचा जीव तिच्या संगीतात आणि रंगमंचावर आहे.

आधी पत्त्याचं बघा, कारण तिथेच लोक फसतात. ही सरकारी शाळा, नववी ते बारावीची. प्रवेशपरीक्षा नाही, देणगी नाही, घर कुठल्या हद्दीत आहे त्यावर सगळं ठरतं. नेपरव्हिल गाव एक असलं तरी शाळांचे जिल्हे, म्हणजे डिस्ट्रिक्ट, अनेक. उत्तरेचा आणि मधला बराचसा भाग डिस्ट्रिक्ट 203 मध्ये, नुक्वा मात्र इंडियन प्रेअरी डिस्ट्रिक्ट 204 मध्ये. दक्षिणेला काही घरांचा पत्ता नेपरव्हिलचा असूनही मुलं प्लेनफिल्डच्या डिस्ट्रिक्ट 202 मध्ये जातात. 204 मध्येसुद्धा तीन हायस्कुलं आहेत: 1975 ची वॉबॉन्सी व्हॅली, 1997 ची नुक्वा आणि 2009 ची मिटिया. नावं या भूमीवरच्या मूळनिवासी पोटावाटमी लोकांची. वॉबॉन्सी हा त्यांचा प्रमुख आणि नुक्वा त्याचा मुलगा. तेव्हा एजंट "नेपरव्हिल स्कूल्स" म्हणाला म्हणून सही करू नका. घराचा नंबर टाकून डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर हद्द स्वतः तपासा.

फुकट शिक्षण म्हणतात तेही नीट समजून घ्या. इथे घरपट्टीच्या बिलातला सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो आणि इलिनॉयची, म्हणजे आमच्या राज्याची, घरपट्टी देशातल्या सर्वांत चढ्या घरपट्ट्यांपैकी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये 204 च्या मतदारांनी इमारतींच्या कामांसाठी 42 कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. मला हे पैसे जड वाटत नाहीत. ज्यांची मुलं केव्हाच शिकून गेली असे म्हातारे शेजारीही शाळेसाठी मत देतात, हे मी या गावात पाहिलं आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. वर नोंदणीची फी, वाद्याचं भाडं, कॉन्सर्टचे काळे कपडे, एपी (हायस्कुलातच घेतलेला कॉलेजच्या पातळीचा विषय) परीक्षेचे दर विषयाला शंभर डॉलरच्या आसपास, असा किरकोळ खर्च होतच राहतो.

आता संगीत. मी डोंबिवलीत शिकले. आमच्या शाळेत गाण्याचा तास म्हणजे आठवड्यातून एकदा प्रार्थनेची उजळणी, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताच्या बाई घेऊन टाकायच्या. इथे ऑर्केस्ट्रा हा रोजचा विषय आहे, रसायनशास्त्रासारखा. वेळापत्रकात त्याला तास आहे, त्याचे गुण आहेत आणि त्यासाठी त्या विषयात पदवी घेतलेले शिक्षक आहेत. एकच ऑर्केस्ट्रा नाही, तयारीप्रमाणे अनेक आहेत. तसेच बँड, तसेच गायनवृंद. ऑडिशन द्यायची आणि आपल्या पायरीवर बसायचं. संगीत उत्तम शिकवणाऱ्या शाळांच्या, ग्रॅमी फाउंडेशनच्या 'सिग्नेचर स्कूल' यादीत या शाळेचं नाव अनेकदा आलं आहे. ते उगीच नाही, हे तालमीत पाच मिनिटं बसलं तरी कळतं.

एकदा मी मुलीला दवाखान्यात न्यायला थोडी लवकर पोचले आणि तालमीच्या खोलीच्या दाराशी थांबले होते. व्हायोलांची (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) एक ओळ जमत नव्हती. वरून व्हायोलिन जोरात, खालून चेलो भक्कम, आणि मधल्या व्हायोला एकमेकींकडे बघत मागे पडत होत्या. शिक्षकांनी बाकी सगळ्यांना थांबवलं. व्हायोलावाल्या मुलांना बो, म्हणजे गज, खाली ठेवायला सांगितले आणि ती ओळ तोंडाने गुणगुणायला लावली. मग बोटाने तारा छेडून. मग बो घेऊन, पण अगदी हळू. शेवटी बाकीच्यांना सांगितलं, तुम्ही वाजवा, पण व्हायोला ऐकू येतील इतकंच वाजवा. आणि ती ओळ लागली. कोणावर आवाज चढवला नाही, कोणाला एकटं उभं केलं नाही. आधी गळ्यात, मग हातात, हे आमच्या गाण्याच्या क्लासमध्ये बाई सांगायच्या तेच. पन्नास-साठ मुलांच्या खोलीत कोणाचं काय चुकतंय हे ऐकणारा कान आणि ते दुरुस्त करायची चिकाटी असलेला शिक्षक रोज मिळणं, याची किंमत कुठल्या रँकिंगमध्ये धरलेली नसते.

नाटकाचंही तसंच. रंगमंचावर दिसणाऱ्या मुलांइतकीच, किंबहुना जास्त, मला मागची मुलं आवडली. आमच्या शेजारचा मुलगा वर्गात हात वर करायला लाजणारा, इंग्रजी उच्चारांवरून मनात अढी बसलेला. तो सेट उभारणाऱ्या गटात गेला. ड्रिल चालवायला शिकला, प्लायवुड कापायला शिकला, दिव्यांचे क्यू, म्हणजे कुठला दिवा कधी लागणार ते, लिहायला शिकला. प्रयोगाच्या आठवड्यात उशिरा घरी यायचा, हातांना रंग लागलेला, आणि जेवताना सगळ्या कुटुंबाला सांगायचा की दुसऱ्या अंकात जिना फिरतो तो मी फिरवतो. दर जानेवारीत राज्यभरातल्या हायस्कूलांचा नाट्यमहोत्सव भरतो, एक वर्ष अर्बानाला, एक वर्ष नॉर्मलला. तिथे स्पर्धा नाही, बक्षीस नाही. मुलं नाटक बघतात, कार्यशाळा करतात आणि परत येतात. स्पर्धेशिवायसुद्धा कला शिकता येते हे आपल्या घरांतल्या मुलांना कोणीतरी दाखवायलाच हवं.

अभ्यासाकडे वळते. अभ्यास चांगला आहे, विषयांची यादी लांबलचक आहे. एकाच विषयाला साधी, ऑनर्स आणि एपी अशा पायऱ्या. पुढच्या वर्षीचे विषय हिवाळ्यातच निवडावे लागतात आणि त्या आठवड्यांत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नुसती धुमश्चक्री असते. कोणाच्या मुलाने किती एपी घेतले, कोण कुठला विषय उन्हाळ्यातच उरकून मोकळा झाला, सगळ्याची जाहीर मोजणी. हे ओझं पालक आणि बाहेरचे क्लासवाले वाढवतात. एका क्लासने तर आम्हाला आठवीतच चार वर्षांचा तक्ता हातात दिला होता, त्यात ऑर्केस्ट्राच्या जागी अजून एक एपी भरलेला! तो तक्ता मी तिथेच टेबलावर ठेवून आले.

इथेच माझं मुख्य म्हणणं आहे. अकरावीत, म्हणजे यांच्या ज्युनियर वर्षात, आपली कितीतरी मुलं संगीत सोडतात. कारण एकच: तो तास मोकळा झाला की अजून एक एपी बसतो. ज्या शाळेकडे देशात नावाजलेलं संगीत आहे, तिथे राहायला जायचं, त्यासाठी घरपट्टी भरायची, आणि मूल नेमकं वाजवायला लागलं की त्याच्या हातून वाद्य काढून घ्यायचं, हे मला पटत नाही. कृपा करून असं करू नका. माझ्या मुलीने व्हायोला चारही वर्षं ठेवला आणि एपी मोजकेच घेतले. तिला हव्या त्या कॉलेजात ती गेली.

मोजक्यांतला एक विषय मात्र मी कोणालाही घ्यायला सांगेन: एपी अमेरिकेचा इतिहास. परीक्षेत एक निबंध असा असतो की समोर सात कागद ठेवतात. पत्र, भाषण, व्यंगचित्र, नकाशा, काहीही. तासाभरात ते वाचून आपली भूमिका मांडायची. सनावळ्या पाठ असून भागत नाही. मुलगी सरावाचे कागद स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पसरून बसायची आणि मला विचारायची, "आई, हे लिहिणारा माणूस कोण आहे? त्याला हे लिहून काय मिळणार होतं?" पुढे हाच प्रश्न ती बातम्यांना विचारायला लागली, भारतातल्या नातेवाइकांच्या फॉरवर्डना विचारायला लागली. नागपूरच्या मामांशी तिचा यावरून फोनवर चांगला तासभर वाद झाला आणि मामा खूश झाले.

इलिनॉयच्या सक्तीच्या विषयांची यादी भारतातून नवीन आलेल्या पालकांना चमत्कारिक वाटते, म्हणून सांगते. व्यायामाचा तास वेळापत्रकात धरलेला असतो. संविधानाची परीक्षा, नागरिकशास्त्राचं एक सत्र, पैशांचे व्यवहार शिकवणारा ग्राहक-शिक्षणाचा विषय, हे सगळं आलंच. ड्रायव्हिंगचं शिक्षण शाळेतच मिळतं, 30 तास वर्गात आणि 6 तास गाडीवर. यातलं काही वाया जात नाही. राज्याची अकरावीची परीक्षा बरीच वर्षं एसएटी होती, 2025 च्या वसंतापासून ती एसीटी झाली आहे; दोन्ही कॉलेजप्रवेशासाठी चालणाऱ्या परीक्षा. जुन्या सल्ल्यावर पुस्तकं विकत घेऊ नका.

खेळांत नवख्या मुलासाठी सर्वांत मोकळं दार म्हणजे क्रॉस कंट्री. डोंबिवलीत आम्ही याचं नावही ऐकलं नव्हतं. मैलोन् मैल गवतातून, चिखलातून पळायचं. 2007 मध्ये नुक्वाच्या मुलांच्या संघाने पोर्टलंडला नायकी क्रॉस नॅशनल्स ही हायस्कूलांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्या संघातला क्रिस डेरिक पुढे 2013 ते 2015 अशी सलग तीन वर्षं अमेरिकेचा क्रॉस कंट्री विजेता झाला. आपली सडपातळ, चिवट मुलं या खेळात छान रमतात. बास्केटबॉलच्या संघात जागा मिळणं इतक्या मोठ्या शाळेत फार कठीण.

शाळा मोठी आहे, हे लक्षात ठेवाच. हजारो मुलं. आमच्या वेळी नववीला वेगळी इमारत होती, त्यामुळे पहिलं वर्ष थोडं सोपं गेलं. एवढ्या गर्दीत मूल कशात तरी असावं लागतं. बँड, रोबोटिक्स, वादविवाद, सेटची सुतारकी, काहीही चालेल, पण दुपारी शेवटची घंटा झाल्यावर त्याची वाट बघणारी एक खोली हवी. ती नसली तर मूल वर्गातून बसमध्ये, बसमधून घरी, आणि डब्याच्या सुट्टीत फोनमध्ये. समुपदेशकांच्या हाताखाली खूप मुलं असतात. आपण होऊन ईमेल करा, ते नीट वेळ देतात. शाळेला लागूनच नेपरव्हिल सार्वजनिक वाचनालयाची 95 व्या रस्त्यावरची शाखा आहे. दुपारी ती या मुलांनी गजबजलेली असते. कोणी खरंच अभ्यास करतं, कोणी कॅल्क्युलसच्या वहीआड गप्पा मारतं. आईबाप कामावरून येईपर्यंत मुलांना बसायला अशी जागा मिळणं ही या पत्त्याची एक मोठी सोय आहे.

होमकमिंग, म्हणजे शाळेच्या शरदातल्या वार्षिक सोहळ्याबद्दल आया घाबरून विचारतात. शुक्रवारी फुटबॉलचा सामना, मध्यंतराला बँड, शनिवारी नाच. जाऊ द्या मुलांना. शिक्षक तिथे हजर असतात, आणि बरीचशी गंमत आधी कोणाच्यातरी अंगणात जमून फोटो काढण्यातच असते. आमच्या अंगणात एका वर्षी तो जमाव झाला. मी साबुदाणा वडे तळले, आणि निळ्या सूटमधला एक उंच मुलगा, घरी पोलिश बोलणारा, चटणी कशाची म्हणून विचारत ओट्यापर्यंत आला. त्यातली काही मुलं अजून घरी येतात.

कोणाला ही शाळा सुचवणार नाही? ज्या मुलाला लहान वर्ग, ओळखीचे चेहरे आणि शांतता लागते, त्याला. आणि जे पालक फक्त मोठ्या कॉलेजांच्या आशेने येताहेत त्यांनाही सांगेन, इतकी हुशार, मेहनती मुलं एका छताखाली असली की पहिल्या नंबरवर आपलंच मूल असेल हे धरून चालू नका.

भारतातून थेट नववीत येणाऱ्या मुलांसाठी शेवटची सूचना. इथली मुलं वाद्य प्राथमिक शाळेतच हातात घेतात, त्यामुळे नववीत नव्याने ऑर्केस्ट्रात शिरणं अवघड जातं. गायनवृंदाचं तसं नाही. सुरुवातीच्या वृंदाला आधीच्या शिक्षणाची अट नसते आणि आपल्याकडे गाणं शिकलेल्या मुलांना सूर पटकन सापडतो. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायची सवय तेवढी उन्हाळ्यात करून घ्या. आठवीच्या पालकांसाठी माहितीची संध्याकाळ असते, त्या दिवशी आधी संगीताच्या खोल्यांकडे जा आणि तिथल्या शिक्षकांना सरळ विचारा की आमच्या मुलाला कुठून सुरुवात करता येईल.