शिट्टीचा कुकर की इलेक्ट्रिक? वरण-भाताच्या घरासाठी थोडं

घरातला जुना कुकर थकला की हल्ली दोन पर्याय समोर येतात. पुन्हा पाच लिटरचा शिट्टीचा घ्यायचा, की दुप्पट-तिप्पट पैसे मोजून बटणांचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणायचा, जो भात, डाळ, दही, वाफवणं सगळं करतो म्हणतात. आमच्याकडे इलेक्ट्रिक आला आणि उद्या पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तोच घेईन. तरी तो प्रत्येक घराला मानवेल असं नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. वॉट किती, प्रोग्रॅम किती, हे खोक्यावर छापलेलं असतं. त्यात शिरत नाही.

आधी वेळेचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतो. इलेक्ट्रिकच्या पुस्तिकेत तूरडाळीला आठ-दहा मिनिटं लिहिलेली असतात. ती मिनिटं प्रेशर धरल्यानंतरची. त्याआधी भांडं तापून वाफ कोंडायला दहा-बारा मिनिटं जातात आणि नंतर वाफ आपोआप उतरायला जवळजवळ तेवढीच. शिवाय शिट्टीचा कुकर साधारण १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) दाबावर चालतो, आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. बरेचसे इलेक्ट्रिक कुकर १० ते १२ पीएसआयलाच थांबतात, म्हणजे तीन ते सहा अंश कमी. छोले-राजम्याला हा फरक जाणवतो. रात्री भिजवलेल्या राजम्याला मी पंचवीस-तीस मिनिटं लावतो. तेव्हा 'झटपट' म्हणून कोणी इलेक्ट्रिक घेणार असेल तर थांबा. गॅसवरचा कुकर त्याच्या आधी उतरतो.

शिट्टीच्या कुकरचं दुसरं बलस्थान म्हणजे डबे. खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे, आणि एकाच गॅसवर अख्खं जेवण. इलेक्ट्रिकमध्येही जाळी ठेवून त्यावर डबे लावता येतात, आम्ही लावतोच. पण घरातले जुने उभट डबे त्याच्या भांड्यात बसतील याची खात्री नाही. तुळशीबागेत नवे डबे घ्यायला जाणार असाल तर आतलं स्टीलचं भांडं सरळ पिशवीत घालून न्या आणि दुकानातच बसवून बघा. दोन्ही डबे ठेवल्यावर झाकण मोकळेपणाने फिरलं पाहिजे.

फोडणीतही गॅसच पुढे. इलेक्ट्रिकमध्ये परतायची सोय असते, कांदा-टोमॅटो छान होतो. पण मोहरी जशी तडतडायला हवी, हिंग जसा फुलायला हवा, तसं माझ्या हातून तरी त्यात होत नाही. आम्ही फोडणी कढल्यात गॅसवर करतो आणि वरून घालतो. परतताना मसाला तळाला चिकटला आणि तसंच झाकण लावलं, तर यंत्र मध्येच थांबून तळ लागल्याची सूचना देतं. अर्धी वाटी पाणी घालून उलथन्याने तळ मोकळा केला की पुढे चालतं.

एवढं सगळं शिट्टीच्या बाजूने असताना मी इलेक्ट्रिककडे का वळलो? एकाच त्रासामुळे. शिट्टीतून उडणारं वरण.

तूरडाळ शिजताना फेसाळते. डबा अर्धाच भरलेला असला तरी फेस काठावरून उतरून तळच्या पाण्यात मिसळतो, ते पाणी पिवळं आणि चिकट होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शिट्टीला वाफेबरोबर तेच बाहेर फवारलं जातं. ओट्यामागच्या टाइल्सवर बारीक पिवळे थेंब, शिट्टीच्या बुडाशी वाळलेला पापुद्रा, कुकरच्या अंगावरून बर्नरपर्यंत गेलेले ओघळ. लगेच पुसलं तर ठीक. सकाळच्या घाईत राहून गेलं तर हळद टाइल्सच्या सांध्यांत मुरते आणि मग कितीही घासा, फिकट पिवळी रेघ राहतेच. बर्नरच्या भोकांत ते पाणी आटलं की ज्योत एका बाजूने पिवळी पडते, पातेल्यांची बुडं काळी होतात आणि रविवारी बर्नर काढून टाचणीने एकेक भोक मोकळं करावं लागतं. डाळीचं साल शिट्टीच्या नळीत अडकलं तर तो स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही, धोक्याचा होतो. नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना हे रोज बघणारी माणसं किती घरांत असतात?

उपाय सगळे केले. डाळीत चमचाभर तेल घातलं, डाळ अर्धा तास भिजवून मग लावली, तळात पाणी बेताचं ठेवलं, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक केला. प्रत्येकाने थोडा फरक पडतो हे मान्य. सांडलेलं झाकणातच राहावं म्हणून हल्ली खोलगट झाकणाचे कुकरही मिळतात. त्यात टाइल्स वाचतात, पण झाकणातलं ते चिकट पाणी रोज धुवावं लागतं. आणि सकाळी सातला, मुलांचे डबे भरताना, शिट्टीवर कान ठेवून कोणी उभं राहायचं? देवघरातून आई विचारायची, "किती झाल्या रे?" आणि स्वयंपाकघरात उत्तर कोणाकडेच नसायचं. मग अंदाजाने एक जास्तीची शिट्टी, आणि त्या शिट्टीत आणखी थोडं वरण बाहेर.

इलेक्ट्रिकमध्ये हे सगळं संपतं. झाकणावर आतला दाब दाखवणारी छोटी पिन असते. सुरुवातीला तिच्याजवळून थोडी वाफ निघते, पिन वर चढली की झाकण पूर्ण बंद. ठरलेला दाब आला की हीटर स्वतःच कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे वाफ बाहेर फेकायची वेळच येत नाही. तूर लावा, मूग लावा, मसूर लावा, ओटा कोरडा राहतो. बटण दाबून आंघोळीला जाता येतं. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला, बाकीच्या सोयी नंतर लक्षात आल्या. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. डाळ झाल्याझाल्या वाफेची कळ उघडायची नाही, नाहीतर टाइल्सवर न उडालेलं वरण छताला लागेल. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पिन आपोआप खाली बसते. कुकर भिंतीवरच्या कपाटाखालीही ठेवू नका, वाफेने प्लायवूड फुगतं.

इलेक्ट्रिकलाही खोड आहे, आणि ती लहान नाही. झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. आदल्या दिवशी लसूण-खोबऱ्याचा रस्सा झाला असेल आणि दुसऱ्या दिवशी त्यात तांदळाची खीर लावली, तर खिरीला रश्शाचा हलका वास लागतो. घासून, लिंबू चोळून, उन्हात ठेवून वास कमी होतो, जात नाही. आमच्याकडे दोन रिंगा आहेत, तिखटाची वेगळी आणि गोडा-दह्याची वेगळी. झाकण लावून ठेवायचं नाही, उलटं ठेवायचं. दुसरी रिंग कुकरबरोबरच मागवून टाका, कारण ती त्याच कंपनीची, त्याच मापाची लागते. साध्या कुकरचं गॅस्केट कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळतं, दुरुस्त करून देणारा माणूसही गल्लीत भेटतो. ही सोय इलेक्ट्रिकला नाही, आणि ज्यांना हे महत्त्वाचं वाटतं त्यांचं मला पटतं.

खोकं आल्यावर थोडा वेळ द्या. आतलं भांडं बाहेर काढून खालची हीटरची चकती बघा. थर्माकोलचे कण किंवा चिकटपट्टीचा तुकडा तिथे राहिला असेल तर पहिल्याच वेळी जळका वास येतो. भांडं शक्यतो स्टीलचंच निवडा. नॉनस्टिकला भात चिकटत नाही हे खरं, पण आपल्याकडे उलथनं आणि डाव स्टीलचे असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेच्या भोकावर एक छोटी जाळीदार टोपी असते, ती निघते का आणि परत बसते का हे करून बघा, कारण डाळीनंतर तीच धुवायची असते. मग नुसतं तीन कप पाणी घालून पाच मिनिटांचं प्रेशर लावा. पिन चढली, कडेने वाफ गळली नाही, की कुकर ठीक. घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगा: भांडं आत आहे हे पाहिल्याशिवाय काहीही ओतायचं नाही. तांदूळ-पाणी सरळ हीटरवर गेलं तर यंत्र कामातून जातं. भांड्याचं बूड बाहेरून कोरडं पुसूनच आत ठेवायचं. हजार वॉटचा कुकर साधारण साडेचार अँपिअर घेतो, घरातल्या नेहमीच्या प्लगवर चालतो. फक्त एकाच एक्स्टेन्शनवर मिक्सर आणि कुकर नको.

जास्तीच्या बटणांपैकी आम्हाला खरोखर उपयोगी पडलं ते दह्याचं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा खाली जातो आणि विरजण लावलेलं दूध सकाळी तसंच राहतं. इथे कोमट तापमान रात्रभर टिकतं आणि दही घट्ट लागतं. पुरणाची हरभऱ्याची डाळही एकसारखी शिजते, दाणा राहत नाही, आणि कटाच्या आमटीला वरचं पाणी भरपूर मिळतं. इंद्रायणीचा मऊ भात सुरेख होतो. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला. उकडीच्या मोदकांना मात्र प्रेशर नको, ते फुटतात. त्यांना मोदकपात्रच बरं. मंद आचेच्या 'स्लो कुक' बटणावर राजमा कधीही लावू नका. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी द्रव्य तेवढ्या तापमानाला निकामी होत नाही, उलट्या-जुलाब होऊ शकतात. त्याला प्रेशरच हवं.

विजेचं म्हणाल, तर बिलात डोळ्यात भरेल असा फरक आम्हाला दिसला नाही. पण गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा हा कुकर नुसता डबा असतो. त्यामुळे जुना शिट्टीचा मोडीत काढू नका, गॅस्केट बदलून ठेवा. घरात रोज डाळ लागत नसेल, किंवा एका वेळी तीन-तीन डबे लावायची सवय मोडायची नसेल, तर नवा शिट्टीचाच घ्या. पैसे वाचतील आणि काही अडणार नाही. रोज वरण लागत असेल आणि सकाळी ओटा पुसणारे हात कमी असतील, तर मी इलेक्ट्रिक सुचवेन. चार माणसांना सहा लिटरचा. दोघांना तीन लिटरचा पुरतो, पण त्यात डबे बसत नाहीत, डबे हवेच असतील तर दोघांनीही सहाचाच घ्यावा.