पाणी उतरतंय काका, पैसे टाका

बोटीवरच्या वर्कशॉपचं सामान घेताना मी फसलो, २,६८,५०० रुपयांना. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना "पण गेले किती?" हे डोक्यात घोळत राहायला नको. त्यातले दोन लाख यूपीआयने गेले आणि ६८,५०० रोख. त्या रोखीवर पुढे येतोच, कारण अजूनही रात्री दोनला जाग येते ती त्या रोखीमुळे.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत ३१ वर्षं काढली. टर्नर म्हणून लागलो, फोरमन म्हणून निवृत्त झालो. मायक्रोमीटर लावल्याशिवाय कुणाचा जॉब पास केला नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, लाज किती वाटते ते कळावं म्हणून सांगतोय. लष्करातला जवान बनून सोफा विकणारे, वीजबिलाचा मेसेज पाठवणारे, क्यूआर स्कॅन करून "पैसे घ्या" म्हणणारे, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहेत. मलाही होते. माझ्याकडे कुणी ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही. माणूस तुर्भ्याच्या गाळ्यात समोर बसून मला कटिंग पाजत होता.

आता बोटीचं सांगतो, कारण निम्मे लोक इथेच हसतात. माझी ३२ फुटी शिडाची बोट आहे, फायबरची, जुनी. घर ऐरोलीला, पण वाशीच्या पुलाखालून डोलकाठी जात नाही, म्हणून बोट दिवाळ्याच्या कोळीवाड्यासमोर नांगरलेली असते. आठवड्यातले चार दिवस मी आणि बायको तिच्यावरच राहतो. बेत असा की पावसाळा संपला की किनाऱ्याने खाली मालवणपर्यंत जायचं, आणि वाटेत बंदरोबंदरी मच्छीमारांची किरकोळ कामं करायची. शॅकलची पिन, सुकाणूचा बुश, पंपाचा शाफ्ट. त्यासाठी केबिनमध्ये छोटं वर्कशॉप हवं. एक मिनी लेथ (धातू कातायचं यंत्र), ड्रिल, व्हाइस, आणि लेथ फिरेल एवढी बॅटरी नि इन्व्हर्टर.

सोसायटीत हसले. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, लेथ घेऊन समुद्रात?" जुन्या दोस्तांनी तर नावच ठेवलं, तरंगता कारखाना. आणि मग हे सामान विकणारा हा भेटला, जो हसला नाही.

पहिल्याच फोनवर तो म्हणाला, "काका, लेथ कीलच्या (बोटीच्या कण्याच्या) वर घ्या, मधोमध, बोट कलली तरी बरं. आणि खाली ट्रे ठेवा, लोखंडाचा बुरा बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) गेला की गंजाचे डाग कायमचे." मी खूश. वाटलं, चला, एक तरी जाणकार. आता तो फोन आठवून पाहतो तेव्हा कळतं की यातलं प्रत्येक वाक्य दहा मिनिटं आधी मीच त्याला सांगितलं होतं. त्याने माझंच बोलणं घडी घालून मला परत दिलं. वर "मापं घ्यायला केबिनचे फोटो पाठवा" म्हणाला, तेही पाठवले. आठ फोटो.

त्याने लिहून दिलेला हिशेब असा: १४ इंची मिनी लेथ चक नि टूलपोस्टसकट ९२,०००. दोन लिथियम बॅटऱ्या, १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरच्या, प्रत्येकी ४६,५०० म्हणजे ९३,०००. दोन केव्हीएचा प्युअर साइन इन्व्हर्टर २४,०००. ३१६ ग्रेडचे स्टेनलेस रॉड आणि पट्ट्या ३७,८००. व्हाइस, ड्रिल आणि बसवायचं सामान २१,७००. भाव फार कमी नव्हते, हे लक्षात घ्या. "स्वस्तात मिळतंय म्हणून भुललात" असं म्हणायलाही मला जागा नाही. भाव बाजारासारखाच होता, म्हणून तर शंका आली नाही.

गाळ्यात लेथ चालवून दाखवला. मी घरून डायल गेज नेला होता. रनआउट, म्हणजे फिरताना पकडीची डुगडुग, पॉइंट झिरो टू. त्या आकाराच्या मशीनला उत्तम. बेडवर हात फिरवला, हेडस्टॉक ऐकला, एक पितळी तुकडा टर्न करून पाहिला. सगळं केलं. फक्त एक गोष्ट केली नाही. शर्टाच्या खिशात सेंटर पंच होता. कारखान्यात एकही जॉब हीट ट्रीटमेंटला बाहेर गेला तर त्यावर खूण ठोकल्याशिवाय मी पाठवला नाही, कारण परत येताना दुसऱ्याचाच जॉब येतो. बेडच्या बुडाला पंचाची एक टिचकी मारली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पाहिलेली वस्तू आणि आलेली वस्तू एकच आहे हे सिद्ध करायला खूण लागते. फोटो चालत नाही, नंबर प्लेटही चालत नाही, ती दोन रिव्हेटांवर असते. एक लाख तिथेच यूपीआय केले.

डिलिव्हरी कार्तिक वद्य पंचमीला ठरली. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे खाडीवर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पंचमीला भरती पावणेचार-चारला. म्हणून मीच त्याला दुपारी दोनला ये म्हटलं, म्हणजे पेट्या उघडून बघायला वेळ, आणि पाणी असताना होडीने बोटीवर न्यायला वेळ. तेव्हा त्याने फोनवर विचारलं होतं, "किती वाजेपर्यंत चालेल काका? उशीर झाला तर?" मी भोळसटासारखं उत्तर दिलं, "सहानंतर पाणी झपाट्याने उतरतं, साडेसातला धक्क्यापाशी नुसता चिखल." म्हणजे कधी यायचं ते मीच त्याला सांगून बसलो.

टेम्पो आला पावणेसहाला. तुर्भ्याला ट्रॅफिक होतं म्हणे. अंधार पडत चाललेला, धक्क्यावर एक दिवा, त्याच्याबरोबर दोन पोरं. मी म्हणालो, पेट्या उघड. तो म्हणाला, "काका, मी काय पळून जातोय? पाणी उतरतंय, पैसे टाका, आधी माल होडीत चढवू. नाहीतर रात्रभर धक्क्यावर राखण करायची कुणी?" होडीवाला नाखवाही घाई करत होता, आणि त्याची घाई खरी होती. हे मला सर्वांत जास्त झोंबतं. पाणी काही खोटं बोलत नव्हतं.

यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख, म्हणून उरलेले ६८,५०० रोख आणायला त्यानेच सांगितलं होतं. दिले. पावती "उद्या बिलासोबत". एक लाखाचा क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याच बाईचं आलं. "मिसेसचं खातं आहे, करंटला प्रॉब्लेम आहे." टाकला पिन.

आणि आता तो क्षण. एक पोरगा, असेल अठरा वर्षांचा, दोन्ही हातांत एकेक बॅटरी घेऊन फळीवरून होडीत उतरला. पाय चाचपत नाही, झपझप, मोबाइल दातांत धरलेला. नाखवा बघत होता. तो म्हणाला, "काका, डबा रिकामा हाय काय?"

मी काय उत्तर दिलं माहीत आहे? "अरे, लिथियम आहे ते. हलकंच असतं."

शिशाच्या २०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला दोन माणसं लागतात, त्या मानाने लिथियम हलकं, हे खरं. पण तिचंही वजन वीस-बावीस किलोच्या खाली नसतं. मला हे ठाऊक होतं. बोटीत वजन कुठे किती याचा कागद मीच केला होता, त्यात बॅटरीपुढे २२ लिहिलं होतं. दोन हातांत ४४ किलो घेऊन ओल्या फळीवरून कुणी असं उतरत नाही. जन्मभर मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या माणसाला नुसत्या नजरेनं कळलं, आणि मी त्याला शिकवायला गेलो. नाखव्याला मी नंतर सॉरी म्हणालो. तो हसून "जाऊ द्या" म्हणाला, आणि ते जास्तच लागलं.

पुढचं लवकर सांगतो. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर २० अँपिअरचा लोड लावला. एक तास पस्तीस मिनिटांत बंद. म्हणजे दोनशेच्या जागी जेमतेम ३१-३२. कवच कापलं, आत थर्माकोल आणि कोपऱ्यात टॉर्चच्या सेलसारखे जुने सेल टेपने बांधलेले. दुसरीही तशीच. लेथ गाळ्यातला नव्हताच. रंग ताजा, रंगाखाली गंज, चकजवळ बेडला नखाला लागेल एवढी घळ. रनआउट पॉइंट वन टू. इन्व्हर्टर मात्र अस्सल निघाला. व्हाइसही झकास आहे, रोज वापरतो, आणि रोज चिडतो.

स्टेनलेसचं तीन आठवड्यांनी कळलं. डेकवर ठेवलेल्या पट्ट्यांवर तांबूस डाग. घेताना मी चुंबक लावला होता, चिकटला नव्हता. पण २०२ काय, ३०४ काय, ३१६ काय, साधारण तिन्हींना चुंबक चिकटत नाही. चुंबकाची परीक्षा बाजारात सगळे करतात आणि या कामाला ती शून्य उपयोगाची. ३१६ खाऱ्या पाण्याला टिकतं ते त्यातल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे. लॅबमध्ये १,१८० रुपये भरून तपासून घेतलं. मॉलिब्डेनम नावाला, निकेल चारच्या आसपास, मँगनीज आठच्या वर. म्हणजे २०२, गाड्यावरच्या ताटल्यांचा माल. त्याने मिल सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा दाखला) दिलं होतं, रंगीत झेरॉक्स. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे त्या ओतणीचा नंबर, रॉडच्या टोकाला ठोकलेला असायला हवा. नव्हता. नंबर जुळत नसेल तर त्या कागदात वडापाव बांधा.

बिल व्हॉट्सॅपवर आलं, तेही मीच तीनदा मागितल्यावर. जीएसटी नंबर २४ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७, २४ गुजरातचा. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम, फुकट. अ‍ॅडव्हान्स देण्याआधी करायचं असतं, मी केलं नंतर. तोवर गाळ्याला कुलूप. शेजारचा म्हणाला, दोन महिन्यांसाठीच घेतला होता.

मग सुरू झाली वारी. पहिल्या पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, गाळा तिकडे आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे दिलेत धक्क्यावर, माल घेतलात धक्क्यावर, इकडचं काय? पुन्हा पहिल्याकडे. तिथे आता दुसरे साहेब. त्यांनी "शिडाची बोट" ऐकूनच पेन खाली ठेवलं. "बोटीवर लेथ? कशाला?" म्हणजे तक्रारदार मी, आणि खुलासाही मीच द्यायचा. शेवटी निकाल: "माल मिळालाय ना? मग क्वालिटीचा वाद आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा." साहेब, थर्माकोल भरलेला डबा हा क्वालिटीचा वाद? एका खाकी शर्टातल्या माणसाने बॅटरीचं कापलेलं कवच हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं आणि सगळे हसले. मी तिथे उभा होतो.

हद्दीचा प्रश्न असला तरी झिरो एफआयआर (कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) घ्यावाच लागतो, हे मला घरी येऊन कळलं. घेत नसतील तर तक्रार लेखी करून वरिष्ठांना टपालाने पाठवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ पोटकलम ४. मी रजिस्टर्ड एडीने पाठवली. पोच आली. पोच एवढंच आलं. रोखीबद्दल विचाराल तर "पुरावा?" आणि पुरावा म्हणजे एक नाखवा, ज्याला मी ठाण्यात न्यायला तयार नाही, त्याचा दिवस बुडतो.

बँकेत वेगळीच तऱ्हा. मला वाटलं, रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "सर, तो परस्पर झालेल्या व्यवहारांसाठी. पिन तुम्हीच टाकला ना?" बरोबर आहे तिचं. म्हणून राग जास्त. ऑनलाइन फसले असाल तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पैसे खात्यातच गोठवता येतात. मी फोन केला तोवर तेरा दिवस उलटले होते, कारण त्यातले अकरा दिवस तो मला "बॅटरी बदलून देतो काका" म्हणत होता. ही "बदलून देतो" म्हणजे वेळ खाण्याची युक्ती. बदलून देणारा तारीख देतो, हा "बघतो" म्हणायचा.

ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि आपण राहतो तिथेच दाखल करता येते. तिथेही एका टेबलावर ऐकलं, "धंद्यासाठी घेतलंय, मग तुम्ही ग्राहक नाही." स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवायचं यंत्र असेल तर माणूस ग्राहकच असतो, कायद्यातच लिहिलंय. २०१९च्या कायद्याची ती व्याख्या प्रिंट काढून पिशवीत ठेवलीय, टेबलागणिक दाखवतो. ज्याच्यावर दावा करायचा त्याचा पत्ता मात्र त्या कुलूपबंद गाळ्याचाच.

बायको एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही, कारण तिने सांगितलं नव्हतं. तिलाही तो पसंत पडला होता. "निदान हा तरी तुमची चेष्टा करत नाही," म्हणाली होती.

गेल्या आठवड्यात भाच्याने एक जाहिरात पाठवली. नाव नवं, नंबर नवा. "बोटीसाठी संपूर्ण वर्कशॉप, २,७९,०००. आम्ही बसवलेलं काम पाहा." खाली फोटो. केबिनचं लाकडी टेबल, त्यावर कुठूनतरी आणून चिकटवलेला चकचकीत लेथ, मागे गोल खिडकी. खिडकीपाशी हुकाला एक पोचा आलेली निळी किटली टांगलेली आहे. ती आमची.