बोंबलणारं कुलूप की मुकी साखळी?

मोटरसायकलचं हँडल लॉक हे चोरासाठी कुलूप नसतंच. हँडलला पाय लावून एक हिसडा दिला की आतली खुंटी तुटते, आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत वायर जोडून गाडी डायरेक्ट करायला फार वेळ लागत नाही. जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर तेवढंही करावं लागत नाही, झिजलेल्या कुलपात दुसऱ्याची झिजलेली किल्लीसुद्धा फिरते. पण खरी गंमत म्हणजे गाडी सुरू करण्याचीच गरज नसते. एकजण चोरलेल्या गाडीवर बसतो, साथीदार मागून दुसऱ्या गाडीवरून तिच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेतो. रस्त्यावर ते दृश्य इतकं सवयीचं आहे की बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याचं पेट्रोल संपलं असेल.

म्हणून कुठलाही उपाय विकत घेताना मी आधी एकच विचारतो : याने गाडी ढकलत नेणं थांबेल का? या प्रश्नावर बरेच पर्याय तिथेच गळतात. शेवटी माझ्यापुढे दोनच उरले. एक, पुढच्या ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या भोकांच्या चकतीला लावायचं अलार्मवालं कुलूप. दोन, जाडजूड साखळी. दोन्ही वापरली आहेत, दोन्ही वाईट नाहीत. तरी माझं मत कुठे झुकतं ते पुढे कळेलच.

आधी अलार्मच्या कुलपाची बाजू. मुठीत मावतं, खिशात नाही तरी सॅकमध्ये सहज जातं, हजाराच्या आसपास मिळतं. पहिल्या धक्क्याला नुसतं टुकटुक करतं, लगेच पुन्हा धक्का बसला की किंचाळतं. खोक्यावर 110 डेसिबल लिहिलेलं असतं. मोजायला यंत्र नव्हतं, पण बंद पार्किंगमध्ये कानाला दडे बसतात एवढं खरं. भुरट्या पोरांना पळवून लावायला तेवढं पुरतं. घेताना फक्त खुंटीची जाडी बघा, काही गाड्यांच्या डिस्कच्या भोकात जाड खुंटी बसतच नाही. आणि एबीएस असेल तर डिस्कशेजारची ती पातळ, खाचांची रिंग वेगळी असते, कुलूप त्यातून घालायचं नाही. ती वाकली तर खर्च कुलपापेक्षा मोठा.

आता मला नडलं ते. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींना खेटून लागतात. आतली गाडी काढायची तर बाहेरच्या दोन-तीन सरकवाव्या लागतात, आणि पुण्यात तरी हे कुणी विचारून करत नाही, करूही नये. पहाटे पेपरवाला येतो, मग दूधवाला, मग फर्स्ट शिफ्टचे लोक. त्यातल्या कुणाचा गुडघा माझ्या गाडीला लागला की टुकटुक. सरकवायला गेलं की बोंब. मग इंटरकॉम : "अहो, तुमची गाडी ओरडतेय." मी गॅलरीतून वाकून बघायचो, तर खाली पहिल्या मजल्यावरचे काका हात वर करून उभे, जणू चोर म्हणून त्यांनाच पकडलंय. दिवाळीत सुतळी बॉम्बने वाजायचं, गणपतीत मिरवणूक गल्लीतून गेली की ढोलाच्या ठेक्याने वाजायचं. त्या दिवसांत मी अलार्म बंद ठेवायचो, म्हणजे नेमकं गर्दीच्या दिवसांत.

झोपमोड हा त्रास तरी सोसता आला असता. पण हळूहळू कुणी खिडकीशी येईनासं झालं. कुलूप वाजलं की सगळ्यांना माहीत, "त्यांचंच असणार." वॉचमनही खुर्चीतून उठेना. पुढे पुढे तर मीच कूस बदलून झोपायला लागलो. अलार्मचा सगळा जीव तो आवाज क्वचित होण्यात असतो. रोज वाजणारा अलार्म चोराच्याच सोयीचा. तुमचा बंगला असेल, गाडी एकटी उभी राहत असेल, तर कदाचित हे तुम्हाला लागू होणार नाही. तिथे हेच कुलूप उत्तम काम करेल असं मला वाटतं. सामायिक पार्किंगमध्ये मात्र मला शंका आहे. त्यात पावसाळ्यात पाणी गेलं की आवाज घोगरा होतो, आणि आतले बटणाएवढे सेल मान टाकतात.

साखळीचं कौतुक करायला तसं काही नाही. जड असते, तीन-साडेतीन किलो सहज. काळं कापडी वेष्टन पावसात भिजतं, मग हाताला चिखल. रोज गाडीवर घालून फिरवायची म्हणाल तर आठवड्यात कंटाळाल. म्हणून मी ती फिरवतच नाही. साखळी घरी पार्किंगमध्येच असते, कायमची, भिंतीतल्या कडीला अडकवलेली. गाडी सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात निवांत उभी असते ती रात्री घराखाली. तिथला बंदोबस्त पक्का असला तर दिवसाचं निभतं. दिवसा ऑफिसच्या पार्किंगला मी बिनआवाजाचं साधं डिस्क लॉक लावतो. पे अँड पार्कमध्ये तेही नाही, कारण तिथला माणूस हँडल लॉकसुद्धा करू देत नाही, त्याला दिवसभर गाड्या हलवायच्या असतात.

साखळी घेताना एक काळजी घ्या. रविवार पेठेत, बोहरी आळीत किलोवर साखळी मिळते, स्वस्तही पडते, पण ती मऊ लोखंडाची. बोल्ट कटर, म्हणजे लांब दांड्यांची लोखंड कापायची कात्री, तिला सहज कापते. दुकानदाराला कानस मागा आणि साखळीच्या एका कडीच्या कोपऱ्यावर एकदा जोरात ओढा. चरा पडला तर ठेवून द्या. कानस नुसती घसरली, करकरली आणि खूण उठली नाही, तर ती पाणी दिलेली, कडक साखळी. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. कुलूपही त्याच तोडीचं हवं, नाहीतर चोर साखळीकडे बघणारच नाही. आणि साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये. कटरचा एक दांडा फरशीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो. ती ताणून, वर, मागच्या चाकातून आणि चिमट्यातून, म्हणजे ते चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्यांतून घेतलेली बरी. नुसती चाकातून घातली तर चाक सोडवून बाकीची गाडी नेता येते.

आता अडचण. साखळी बांधायची कशाला? पार्किंगचा खांब मनात येतो, पण नऊ बाय अठरा इंची खांबाचा घेरच साडेचार फूट होतो, चार फुटी साखळी त्यालाच पुरत नाही, गाडी दूर राहिली. मी फॅब्रिकेटरकडून जाड सळईची कडी करून घेतली आणि कंपाउंडच्या भिंतीत अँकर फास्टनरने (भिंतीत घट्ट रुतणाऱ्या बोल्टने) बसवली, नटांच्या डोक्यांवर वेल्डिंग मारून. सेक्रेटरींची परवानगी मिळवायला कडी बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. भिंतीलगतची जागा घेतल्यामुळे माझी गाडी कुणाच्या वाटेत येत नाही. उलट सकाळी बाहेर पडताना मलाच दुसऱ्यांच्या दोन गाड्या सरकवाव्या लागतात. हा सौदा मला परवडला. कडी शक्यच नसेल तर शेजाऱ्याची आणि आपली गाडी एकत्र बांधणारेही आहेत, प्रत्येकाकडे एकेक किल्ली. शेजारी बघून ठरवा.

बॅटरीवरचा ग्राइंडर असेल तर साखळीही कापली जाते, हे सांगायलाच हवं. पण त्याची ठिणगी आणि किरकिर रोजची नसते. त्या आवाजाला आमचे काका नक्की उठतील.

जीपीएसबद्दल लोक हमखास विचारतात. तो चोरी थांबवत नाही, गेलेली गाडी कुठे आहे ते सांगतो. तळघरात रेंज गेली की तेही नाही. शिवाय तो गाडीच्या बॅटरीवर जगतो. चार अँपिअर-अवरची बॅटरी, आणि यंत्र उभ्या गाडीत दहा मिलीअँपिअर जरी खात असेल, तरी चारशे तासांत, म्हणजे सोळा-सतरा दिवसांत बॅटरी रिकामी. गावाला जाऊन आलात की किक मारा, किक असेल तर. महागड्या गाडीला साखळीच्या जोडीला म्हणून ठीक. वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारे ब्लूटूथचे टॅग स्वस्त, पण त्यातले काही अनोळखी माणसाच्या फोनवर 'तुमच्यासोबत एक टॅग फिरतोय' अशी सूचना देतात. चोराच्या खिशातही फोन असतोच.

चोरस्विच मला आवडतो, सीटखाली दडवलेला, इग्निशन तोडणारा. गाडी डायरेक्ट होत नाही. पण ढकलली जाते. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत कुणीतरी वायरिंगला टाके घातले की वॉरंटीवर वाद होतो, म्हणून नव्या गाडीला मी तो सुचवणार नाही.

विमा पूर्ण असेल तर निम्मी चिंता मिटते, थर्ड पार्टीत चोरी येत नाही. पाच वर्षांच्या आसपासच्या गाडीची विम्यातली किंमत निम्म्यावर आलेली असते, आणि दावा करताना कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच शोधा.

साखळीकडे वळलात तर क्रम उलटा करू नका. आधी कडी बसवा. मग गाडी जागेवर लावून, कडीपासून मागच्या चाकातून, चिमट्यातून परत कडीपर्यंत सुतळी फिरवा. त्या सुतळीला गाठ मारून ती दुकानात न्या, आणि तिच्याहून वीतभरच लांब साखळी मागा. जास्त लांब घेतली तर ती फरशीवर लोळणार. पोडियम स्लॅबवर, म्हणजे खाली आणखी मजला असलेल्या स्लॅबवर पार्किंग असेल तर जमिनीत भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या मजल्यावरची ओल वर्षभर तुमच्या नावावर लागते.