पॅकेट ट्रेसर: चार जीबीच्या लॅपटॉपवरची सीसीएनए आणि नोकरीतलं पहिलं वर्ष

पॅकेट ट्रेसर म्हणजे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचं, खरी उपकरणं नसताना स्क्रीनवर नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर. त्यात पीसी स्विचला (उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला) जोडला की स्विचच्या बाजूला नारिंगी ठिपका दिसतो आणि तीसेक सेकंदांनी तो हिरवा होतो. पहिला आठवडाभर मला वाटत होतं की माझा लॅपटॉपच मंद चालतोय. मग कळलं की ते तीस सेकंद स्पॅनिंग ट्री नावाच्या खबरदारीचे आहेत. पुढे कुठे लूप, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहील असा वळसा, तर होत नाही ना, हे बघायला स्विच पंधरा सेकंद नुसता ऐकतो, पुढची पंधरा सेकंद शिकतो, आणि मगच पोर्ट उघडतो.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, "सकाळी पीसी चालू केला की १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता येतो, थोड्या वेळाने आपोआप बरोबर पत्ता मिळतो. कुठे बघशील?" माझ्या डोळ्यांसमोर तो नारिंगी ठिपका आला. पोर्ट अजून उघडलेला नाही, तोवर पीसीने डीएचसीपीकडे (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) पत्ता मागितला, उत्तर न आल्याने स्वतःच एक पत्ता घेतला. पीसीच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ते तीस सेकंद वगळणारं सेटिंग, लावलेलं नसणार, असं मी सांगितलं. नोकरी मिळाली. म्हणून या सॉफ्टवेअरबद्दल मी सविस्तर लिहितेय.

मी मूळची बार्शीची, बीएस्सी कॉम्प्युटर. बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सीसीएनए ही सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा. तिची फी ३०० डॉलर, म्हणजे करासह तीस हजारांच्या आसपास, आणि क्लासचे पैसे वेगळे. नापास झाले असते तर तेवढीच रक्कम पुन्हा उभी करणं आमच्या घरी सोपं नव्हतं. अशा वेळी सरावासाठी सिस्कोचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, याची किंमत मला कळते. नेटअ‍ॅकॅडवर (सिस्कोच्या शिकवणीच्या साइटवर) खातं उघडायचं, तिथूनच उतरवून घ्यायचं. मी वापरत होते तेव्हा उघडताना लॉगिन मागायचं, तेवढ्यापुरतं इंटरनेट लागायचं. गावी लाइट आणि नेट दोन्ही गेलं की हे मला नडलं, पण एकदा उघडलं की पुढे तासन्‌तास ऑफलाइन चालतं.

माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा, तोही वापरलेला घेतलेला. पाच-सहा राउटर आणि तेवढेच स्विच असले तर काही अडचण नाही. वीसेक उपकरणं मांडली आणि सिम्युलेशन मोड चालू केला की मात्र पंखा ओरडायला लागायचा. फाइल दर दहा मिनिटांनी सेव्ह करा. माझ्या दोन रात्रींची मेहनत अशीच गेली आहे.

या सॉफ्टवेअरचा जीव आहे तो सिम्युलेशन मोड. पिंग केलं, म्हणजे समोरचं उपकरण उत्तर देतं का हे बघायला हाक मारली, की रंगीत पाकिटं एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे सरकताना दिसतात, आणि कुठल्याही पाकिटावर क्लिक करून आत काय आहे ते वाचता येतं. पहिलं पिंग बऱ्याचदा का वाया जातं, हे मला पुस्तकात चारदा वाचून कळलं नव्हतं. इथे दिसलं की आधी एआरपीचं पाकीट सगळ्यांना विचारत फिरतं, "हा पत्ता कुणाचा?", उत्तर येईपर्यंत पिंग अडकतं. पुढे राउटरमधून जाताना मॅक पत्ते (त्या त्या टप्प्यावरच्या उपकरणांचे) बदलतात आणि आयपी पत्ते तेच राहतात, हेही त्या पाकिटातच वाचलं.

नव्याने शिकणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. वायर निवडताना विजेच्या आकाराचं एक चिन्ह असतं, ते योग्य वायर आपोआप लावून देतं. ते वापरू नका. तसंच फास्ट फॉरवर्डचं बटण दाबलं की ते तीस सेकंद लगेच संपतात. तेही सुरुवातीला दाबू नका. वाट बघण्यातच शिकणं आहे.

आमच्या क्लासबद्दल (नाव घेत नाही) थोडं बोलायला हवं. शेवटच्या महिन्यात तिथे लॅब बंद करून डंप वाटले, म्हणजे बाहेर आलेले प्रश्न पाठ करायचे. असं करणं परीक्षेच्या करारात बसत नाही आणि उघड झालं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. पण माझा राग त्याहून साधा आहे: आईबापांनी कर्ज काढून पाठवलेल्या मुलांना हे लोक रिकाम्या हाताने मुलाखतीला पाठवतात. मी त्या महिन्यात रोज पहाटे पॅकेट ट्रेसरवर बसले. परीक्षेत एकट्या आयपी कनेक्टिव्हिटी या भागाला २५ टक्के वजन आहे, म्हणून स्टॅटिक राउट आणि ओएसपीएफची (राउटरला वाट कळण्याच्या दोन पद्धतींची) फाइल पुसून पुन्हा पुन्हा बांधली. परीक्षेचे १२० मिनिट आणि मागच्या प्रश्नाकडे परत जायची सोय नाही. अशा वेळी बोटांना सवय असणं फार कामी येतं.

आता उणिवा. खऱ्या स्विचवरच्या सगळ्या कमांड इथे चालत नाहीत. ते चालून जातं. खरी उणीव मला चाकणच्या एका कारखान्यात दिसली. डिझाइन विभागात फाइल उघडायला फार वेळ लागत होता. लिंकचा दिवा हिरवा, पिंग व्यवस्थित, माझ्या डोक्यातलं सगळं शिकलेलं संपलं. सोबतच्या सिनिअर सरांनी 'शो इंटरफेसेस स्टेटस' मारून एका आकड्यावर बोट ठेवलं. एक हजार मेगाबिटऐवजी शंभर. गिगाबिटला, म्हणजे हजारला, केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात, आणि या केबलच्या टोकाला निळ्या जोडीची एक तार कनेक्टरच्या पिनपर्यंत पोचलीच नव्हती. टोक कापून पुन्हा क्रिंप केलं (कनेक्टर दाबून बसवला) आणि वेग परत आला.

पॅकेट ट्रेसरमध्ये रॅक दाखवणारा फिजिकल मोड आहे, मॉड्यूल बसवण्याआधी राउटर बंद करावा लागतो इतका तो बारकाईने केलाय. पण तिथली वायर कधी वाईट क्रिंप झालेली नसते, केबलवर लेबल नाही म्हणून पॅच पॅनेलसमोर (सगळ्या केबल येऊन मिळतात त्या फळीसमोर) तासभर उभं राहावं लागत नाही. बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मोटार खोलायच्या आधी आम्ही सप्लाय बघतो गं." त्याच रविवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन क्रिंपिंग टूल, टेस्टर आणि मूठभर कनेक्टर आणले. सीसीएनए करणाऱ्या प्रत्येकाने सॉफ्टवेअरसोबत हे घ्यावंच. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम झोपेतही आला पाहिजे.

तरीही वर्षभरात मला सगळ्यात जास्त वाचवलं ते याच सॉफ्टवेअरने. सरावात एकदा ट्रंकवर (दोन स्विचमधल्या सामाईक जोडणीवर) व्हीलॅन ३० (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं एक नेटवर्क) जोडताना 'अलाऊड व्हीलॅन' नंतर 'ॲड' लिहायचं राहिलं. आधीचे १० आणि २० यादीतून उडाले, फक्त ३० उरला, आणि कारण शोधायला मला तास लागला. पुढे आठ महिन्यांनी रात्रपाळीत एका चालू स्विचवर तीच ओळ टाइप केली. एंटरवर बोट होतं आणि 'ॲड' नव्हतं. हात थांबला. त्या स्विचमागे दोन मजले काम करत होते. सरांनी त्यानंतर मला लांबच्या स्विचवर बदल करण्याआधी 'रिलोड इन १०' द्यायला शिकवलं: संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो, सगळं नीट असेल तर 'रिलोड कॅन्सल'.

जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी ही अशाच कामाची दुसरी सॉफ्टवेअर याहून खऱ्याच्या जवळची आहेत, पण त्यांना रॅम जास्त लागते आणि उपकरणांच्या इमेज (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) आपल्यालाच मिळवाव्या लागतात. पहिल्या सर्टिफिकेटसाठी आणि पहिल्या वर्षासाठी मी पॅकेट ट्रेसरच सांगेन. पाचपैकी साडेचार.

सध्या बार्शीत माझा मावसभाऊ अभ्यास करतोय. मी चालू जोडणीची फाइल घेते, तिच्यात एक चूक करते आणि त्याला पाठवते. काय बिघडलंय ते तो शोधतो. आतापर्यंत चौदा फाइली झाल्या. काल पाठवलेलीत दोन स्विचमधला नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर क्रमांकाच्या खुणेशिवाय जाणारा) जुळत नाही. अजून त्याचा फोन आलेला नाही.