कॅटॅलिस्टचे दाणे बनवायला घेतलेली हँड प्रेस, सहा महिने वापरून
लॅबमध्ये १५ टनी हायड्रॉलिक प्रेस आणि १३ मिमीची डाय (पावडर भरून दाबायचा साचा) घेतली, खरं सांगते, एका वेळी दोन-तीन ग्रॅमच कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) हवं असेल तर फार सोयीची आहे. पावडर दाबायची, गोळी अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात हलक्या हाताने फोडायची आणि चाळायची, ३५५ आणि २५० मायक्रॉनच्या चाळण्यांमध्ये जे दाणे अडकतात ते ६ मिमीच्या रिअ‍ॅक्टरला, म्हणजे कॅटॅलिस्ट भरून ज्यातून गॅस सोडतो त्या नळीला, मस्त चालतात (नळी दाण्याच्या निदान दहापट रुंद हवीच, नाहीतर गॅस कडेने निसटतो). मी दोन टनांवरच थांबते, जास्त दाबलं की कॅटॅलिस्टमधली बारीक छिद्रं मिटतात. प्लंजर (डायमधला दाबणारा दांडा) मधेमधे अडकतो, दर गोळीनंतर डाय पुसावीच लागते. सोबत आलेल्या चाळणीची जाळी मात्र महिन्यात सैल झाली, ती वेगळी घ्या.