कर्करोगाच्या रुग्णांसाठी व्हिडिओ सल्लासेवा : नागपुरातून घेतलेल्या चार भेटी

माझ्या सासूबाईंच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईतील एका रुग्णालयात झाली आणि केमोथेरपी व रेडिएशन आटोपल्यावर त्याच रुग्णालयाची व्हिडिओ सल्लासेवा आम्ही नागपुरातून वापरू लागलो. दर तीन महिन्यांनी विदर्भ एक्सप्रेसने ८३७ किलोमीटर जायचे, दिवसभर ओपीडीत बसायचे आणि दहा मिनिटांच्या भेटीनंतर पुन्हा रात्रीची गाडी धरायची, हे त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना झेपत नव्हते.

सेवेची मोठी जमेची बाजू ही की, डॉक्टर तेच राहतात आणि सारी हकिकत नव्याने सांगावी लागत नाही. दुसऱ्या भेटीत सासूबाईंनी हात जड वाटत असल्याचे सांगताच डॉक्टरांनी मला शिवणकामाची टेप आणायला लावली, कोपरापासून १० सेंटिमीटर वर दोन्ही दंडांवर पेनाने खूण करून घेतली आणि घेर मोजायला सांगितले. शस्त्रक्रियेच्या बाजूचा दंड अडीच सेंटिमीटरने जास्त भरला. काखेतील लसिकाग्रंथी काढल्यावर द्रव साचून अशी सूज येते आणि २ सेंटिमीटरचा फरकही दखल घेण्याजोगा असतो, हे समजावून त्यांनी फिजिओथेरपी व कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची घट्ट लवचिक बाही, सुचवली. ओपीडीच्या गर्दीत इतक्या सावकाशीने कोणी माप घेतले असते, असे मला वाटत नाही.

पहिली भेट मात्र फसली आणि त्यात दोष आमचाच होता. मे महिना होता. कूलरच्या घरघरीत डॉक्टरांचे बोलणे ऐकू येईना, म्हणून तो बंद केलेला, फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवलेला, शेजारी माझे यजमान आणि मागे दीर उभे. प्रत्येक प्रश्नाला घामाघूम झालेल्या सासूबाईंचे एकच उत्तर, "बरं आहे सगळं." दुसऱ्या दिवशी वेणी घालताना त्यांनी मला सांगितले की, टाक्यांच्या जागी सारखी आग होते. "पोरांसमोर छातीचं काय सांगू?" ओपीडीत निदान पडदा असतो. तेव्हापासून भेटीच्या वेळी पुरुषमंडळी अंगणात जातात आणि बोलणे जवळजवळ दुप्पट चालते.

वेळेच्या बाबतीत सेवा फार ढिली आहे. तिसऱ्या भेटीसाठी ११ ची वेळ दिली होती, डॉक्टर १२.४० ला आले; शुल्क आगाऊ घेतलेले, तरी मध्यंतरी एकही मेसेज नव्हता. सीटी स्कॅनचा फक्त छापील अहवाल पाठवता येतो, सीडीवरील प्रतिमा पाठवण्याची सोय नाही. त्याच भेटीत खांद्याच्या दुखण्यासाठी पूर्वी चालू असलेली ट्रॅमॅडॉलची गोळी पुन्हा मागितली, तेव्हा ती लिहून देता येणार नाही असे कळले. हे औषध २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी औषधे दूरस्थ सल्ल्यातून देण्यास मनाई आहे. नियमाबद्दल तक्रार नाही. पण वेळ नोंदवतानाच औषधांची यादी विचारून घेतली असती, तर त्या दुपारी गोळीसाठी धंतोलीत डॉक्टर शोधत फिरावे लागले नसते.

चौथ्या भेटीत काखेत बोटाला काहीतरी लागते असे सांगितल्यावर डॉक्टरांनी पडद्यावरून अंदाज बांधण्यास स्पष्ट नकार दिला आणि त्याच आठवड्यात नागपुरातील सर्जनकडून हाताने तपासणी व सोनोग्राफी करून घ्यायला सांगितली. सुदैवाने ती व्रणाची गुठळी निघाली. केमोथेरपी चालू असलेल्यांना ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला, तर त्यांनी व्हिडिओच्या वेळेची वाट न पाहता सरळ जवळचे रुग्णालय गाठावे. ही सेवा त्यासाठी नाही.

सासूबाईंना विचाराल तर त्या पूर्ण समाधानी आहेत, मी पाचांपैकी साडेतीन गुण देईन. वार्षिक मॅमोग्राफीसाठी पुढच्या महिन्यात आम्ही प्रत्यक्ष मुंबईला जात आहोत. डॉक्टरांना विचारायच्या गोष्टींची यादी त्या स्वतःच लिहीत आहेत आणि ती त्यांनी अजून मलाही दाखवलेली नाही.