दवाखान्यातून विधानभवनाकडे: विधानसभा, परिषद की आधी झेडपी?

तालुक्यात नाव कमावलेल्या प्रत्येक डॉक्टरला, आणि हल्ली काही सिस्टरांना आणि आशाताईंनाही, कुणीतरी एकदा म्हणतंच, "तुम्ही उभं राहा, आम्ही आहोत." म्हणणाऱ्याचं काय जातं? अनामत तुमची असते. ज्यांनी हे खरोखर मनावर घेतलंय त्यांच्यासाठी विधानसभा, विधान परिषद आणि जिल्हा परिषद अशा तीन वाटा शेजारी शेजारी मांडतो. झेडपी विधिमंडळात येत नाही हे मान्य, पण ती सोडून हिशेब लागत नाही.

सुरुवात आकड्यांनी करू. 2024 च्या विधानसभेला राज्यात सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार होते आणि जागा 288, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी 3 लाख 37 हजार. प्राथमिक आरोग्य केंद्र असतं 30 हजार लोकसंख्येसाठी, आदिवासी भागात 20 हजारांसाठी. एकाच पीएचसीत उभी हयात काढलेला वैद्यकीय अधिकारीसुद्धा मतदारसंघाच्या दहाव्या भागाला जेमतेम ठाऊक असतो. बाकीचं काम चिन्ह, जातीचं गणित आणि बूथवरची पोरं करतात.

यावर गडचिरोलीचं उदाहरण हमखास पुढे येतं. 2009 ला डॉ. नामदेव उसेंडी, 2014 आणि 2019 ला डॉ. देवराव होळी, 2024 ला डॉ. मिलिंद नरोटे. सलग चार निवडणुका डॉक्टरच आमदार. पण जरा जवळून पाहा. उसेंडी काँग्रेसचे, पुढचे दोघे भाजपचे. 2024 ला पक्षानं होळींऐवजी नरोटेंना तिकीट दिलं आणि आमदारही बदलला. डॉक्टरकी तिकिटाच्या दारापर्यंत नेते, पुढचं पक्ष पाहतो. अपक्ष उभं राहायचं असेल तर 10 सूचक लागतात आणि अनामत 10 हजार (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5 हजार). वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. खर्चाची कायदेशीर मर्यादा 40 लाख. हौस म्हणून ठीक आहे, पण ज्याच्यामागे पक्ष नाही त्यानं विधानसभेपासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

परिषदेचा मामला वेगळा. 78 पैकी 7 जागा पदवीधरांच्या, आणि आपल्या लोकांची खरी वाट हीच. 2016 ते 2018 या काळात त्या सातपैकी तीन जागांवर डॉक्टर होते: नाशिकमधून डॉ. सुधीर तांबे, अमरावतीतून डॉ. रणजित पाटील, मुंबईतून डॉ. दीपक सावंत. सावंत तर तिथूनच आरोग्यमंत्री झाले. हा योगायोग नाही. पदवीधरांची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं तयार होते, त्यामुळे निम्मी निवडणूक नोंदणीतच लढली जाते. ज्याच्याकडे आयएमएच्या (डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेच्या) शाखा, कॉलेजचे जुने बॅचमेट आणि दवाखान्यांतला स्टाफ आहे, तो अर्ज भरून घेण्यात पुढे राहतो. मतदार पदवीधर हवा, पदवीला तीन वर्षं झालेली हवीत. उमेदवाराला मात्र पदवीची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्येच सांगितलंय. त्याचं वय 30 पूर्ण हवं, विधानसभेला 25 पुरतं.

खोच दोन ठिकाणी आहे. मतदारसंघ अवाढव्य असतो, नाशिक आणि अमरावती दोन्ही पाच-पाच जिल्ह्यांचे. आणि परिषदेच्या निवडणुकीत खर्चाला मर्यादाच नाही, म्हणजे समोरचा किती ओतेल याला धरबंध नाही. विद्यमान आमदार असलेले रणजित पाटीलही 2023 ला हरले.

निवडून आल्यावर हातात काय येतं? तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी दोन्ही सभागृहांत मांडता येतात. पण आरोग्य खात्याच्या अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. धन विधेयक परिषद फार तर 14 दिवस रोखू शकते. पैशाच्या बाजूनं बोलायचं तर विधानसभाच. एखादा किचकट विषय, समजा नर्सिंग होमच्या नोंदणीचा, चिकाटीनं लावून धरायचा असेल तर मला परिषद बरी वाटते. तिथं मतदारसंघातल्या गटार-रस्त्यांचा तगादा कमी.

आणि झेडपी? पीएचसीची गळती, औषधांचा तुटवडा, बंद पडलेली रुग्णवाहिका यांनी तुमचं डोकं उठत असेल तर आमदारकीची गरज नाही. गट आटोक्यातला असतो, वय 21 पुरतं, निम्म्या जागा महिलांच्या. फक्त 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर दार बंद. विधानसभेला ही अट नाही. मात्र पदभरती आणि मोबदला झेडपीच्या हातात नाही. 2024 च्या सुरुवातीला आशाताई आझाद मैदानावर बसल्या त्या याचसाठी: वाढीचा निर्णय राज्य सरकारनं घ्यायचा होता.

आता नोकरीचं. खासगी डॉक्टरला अडचण नाही, फक्त सरकारला माल पुरवण्याचा चालू ठेका नावावर नको. सरकारी नोकर असाल तर राज्यघटनेचं कलम 191 आडवं येतं: छाननीच्या दिवशी लाभाचं पद, म्हणजे सरकारी पगाराची नोकरी, सुटलेलं हवं. राजीनामा नुसता देऊन भागत नाही, तो मंजूर व्हावा लागतो. 2023 ला राजस्थानात डुंगरपूरचे सरकारी डॉक्टर दीपक घोघरा यांना उच्च न्यायालयानं निवडणूक लढवायला मोकळं केलं, आणि हरल्यास पुन्हा रुजू होण्याची मुभाही दिली. तो आदेश महाराष्ट्रात बांधील नाही, त्यावर विसंबून उडी मारू नका.

1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांपैकी (म्हणजे जुन्या पेन्शनवाल्यांपैकी) बहुतेकांची 20 वर्षं एव्हाना भरलीत. त्यांनी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्तीच घ्यावी, कारण राजीनामा दिला तर पेन्शन नियमांतला नियम 46 आधीची सगळी सेवा पुसून टाकतो. नंतर लागलेल्यांची एनपीएसमधली (नव्या पेन्शन योजनेतली) रक्कम बुडत नाही, पण मुदतीआधी बाहेर पडलं की तिचा मोठा भाग ॲन्युइटीत, म्हणजे दरमहा पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, अडकतो. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटावरच्यांनी करार वाचावा आणि कार्यमुक्तीचं पत्र हातात घेतल्याशिवाय अर्ज भरू नये. आशाताई सरकार दरबारी स्वयंसेविका आहेत, तरीही आधी वकिलाला विचारावं, कारण छाननीच्या टेबलावर पहिली हरकत याच मुद्द्यावर येऊ शकते.

आणखी एक. आचारसंहिता लागल्यावर मोफत तपासणी शिबिर किंवा चष्मेवाटप केलंत तर ते आमिष ठरू शकतं. शिबिरं घ्यायची तर आधीची पाच वर्षं घ्या. विधानसभा वेळेवर झाली तर 2029 च्या शेवटी आहे, म्हणजे वेळ आहे.